मिठाच्या मागावर : कोजागिरीनंतरचे चार दिवस

गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला, निघताना मी जे सामान बरोबर घेतो, त्यातली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी वस्तू म्हणजे खोकल्याच्या औषधाची एक रिकामी बाटली. तिच्या तळाशी शिशाचा तुकडा बांधलेला आहे, तोंडात बूच आहे आणि त्या बुचाला वेगळी दोरी आहे. बाटली हव्या त्या खोलीपर्यंत सोडायची, बुचाच्या दोरीला हिसका द्यायचा, बुडबुडे येऊन गेले की ती वर ओढायची आणि आतल्या पाण्याचा थेंब जिभेवर ठेवून पाहायचा. फोंड्याच्या शाळेत तीस वर्षे विज्ञान शिकवताना प्रयोगशाळेतली कुठलीही वस्तू चाखायची नाही असे मी मुलांना बजावत आलो. त्यामुळे माझे हे पाणी चाखणे पाहिले की माझ्या मामेभावाला दरवेळी नव्याने हसू येते.

हा उद्योग कशासाठी, ते आधी सांगितले पाहिजे. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. एवढे पाणी तेरेखोल, शापोरा, मांडवी, जुवारी, साळ अशा आखूड नद्यांतून समुद्रात जाते, तेव्हा खाडीतले मीठ पार मुखापर्यंत रेटले जाते. पाऊस ओसरला की ते परत चढू लागते. पण ते सरसकट चढत नाही. खारे पाणी जड असल्यामुळे ते पाचरीसारखे तळाशी घुसते आणि गोडे पाणी त्याच्यावरून समुद्राकडे वाहत राहते, म्हणजे काही आठवडे नदी दुमजली होते. समुद्रातले मासे तळमजल्याने आत येतात. ज्याला शरदाच्या सुरुवातीला खाडीत मासा हवा आहे, त्याने आपला गळ कोणत्या मजल्यावर आहे हे ओळखले पाहिजे, एवढेच माझे म्हणणे आहे. या वर्षी कोजागिरीनंतरचे चार दिवस मी उत्तरेकडून दक्षिणेकडे चार ठिकाणी ते पडताळत गेलो.

प्रतिपदा : केरी

केरी हे माझे आजोळ. पेडणे तालुक्याच्या या टोकाला सुरूच्या झाडांची रांग संपते तिथे तेरेखोल नदी समुद्राला मिळते. पलीकडच्या काठावर तेरेखोलचा किल्ला आहे; नदीच्या त्या बाजूला असूनही तो गोव्याचाच. आमच्या मामाच्या घरी भरतीची वेळ घड्याळावरून नव्हे, तर तिथीवरून काढतात. तिथीला तीनने गुणून चाराने भागले की पूर्ण भरतीचा तास मिळतो, हा कोकणातला जुना हिशोब आहे. तो मुंबईच्या बाजूला अधिक चपखल बसतो. आमच्याकडे भरती त्याहून थोडी आधी येते. प्रतिपदेला दुपारी बाराच्या आत भरती आणि पहाटे सहाच्या सुमारास पूर्ण ओहोटी, असा आमचा अंदाज होता आणि तो दहा-पंधरा मिनिटांच्या फरकाने खरा ठरला.

पौर्णिमेच्या आसपासचे उधाण असल्यामुळे पहाटे नदीमुखाशी वाळूची लांबच लांब जीभ उघडी पडली होती. तिच्या टोकावर उभे राहिल्यावर नदीचे तांबूस पाणी आणि समुद्राचे हिरवट पाणी यांच्यामधली फेसाची रेघ स्पष्ट दिसत होती. बाटलीने सांगितले ते असे : वरचे पाणी मचूळ, दोन पुरुष खोलीवरचे पाणी तोंड वाकडे करण्याइतके खारट. भरतीचे पाणी वळू लागले तसतशी ती रेघ आत सरकू लागली आणि आम्हीही वाळूवरून तिच्याबरोबर मागे मागे चालत राहिलो.

इथे आमचा हेतू मुडदोशी पकडण्याचा होता. वाळूच्या तळाशी चरणारा हा सडपातळ, चंदेरी मासा गरीला लागतो तेव्हा फक्त दोन-तीन बारीक टिचक्या मारतो, त्यामुळे त्याला हलकीच साधने हवीत. मामेभावाकडे काठी नव्हतीच. त्याने बोटाला तंगूस, म्हणजे नायलॉनची दोरी, गुंडाळला होता, टोकाला बोटभर शिसे आणि त्याच्या वर दोन लहान गळ होते. सोललेल्या सुंगटाचा (कोळंबीचा) नखाएवढा तुकडा लावून तो गळ वाळूवरून हळूहळू ओढत आणत होता. माझ्या सात फुटी रॉडने सुंगट लांब पडत होते, पण मासे लांब नव्हतेच. ते रेघेच्या अलीकडे, गुडघाभर पाण्यात, भरतीबरोबर नुकत्याच भिजणाऱ्या वाळूतले किडे टिपत होते. हे लक्षात यायला मला तासभर लागला. तोवर मामेभावाच्या पिशवीत अकरा मुडदोश्या पडल्या होत्या आणि माझ्याकडे दोन.

अकराच्या सुमारास मी मोठ्या उत्साहाने एक सांगट ओढला आणि त्याला गळावरून सोडवताना अंगठ्यात काटा घुसवून घेतला. सांगटाच्या पाठीवर एक आणि कल्ल्यांमागच्या दोन्ही परांवर एकेक असे तीन करवती काटे असतात आणि त्यांत विष असते, हे मी मुलांना शिकवलेले आहे. तो मासा फडक्यात धरायचा, हेही मला माहीत आहे. तरीही झाले. कळ कोपरापर्यंत चढली. मामीने सोसवेल तितक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवायला लावला आणि पाणी निवू लागले की त्यात कढत पाणी घालत राहिली. तासाभरात कळ उतरली. उष्णतेने त्या विषाचा जोर कमी होतो. "मास्तर, आता तरी फडके घ्या," एवढेच ती म्हणाली आणि दुपारी मुडदोश्या रवा लावून तळून वाढल्या.

रात्री किनाऱ्यावर बसलो तेव्हा क्षितिजाजवळ ट्रॉलरांचे दिवे दिसत होते. १९७० च्या दशकात माथानी साल्ढाणा यांच्यासारख्या नेत्यांसोबत गोव्याच्या रापणकारांनी, म्हणजे किनाऱ्यावरून जाळे ओढणाऱ्या मच्छीमारांनी, जो लढा दिला, त्यातूनच १९८० चा सागरी मासेमारी नियमन कायदा आला आणि किनाऱ्यालगतचा ५ किलोमीटरचा पट्टा पारंपरिक मच्छीमारांसाठी राखला गेला. अंधारात पाहून दिव्याचे अंतर सांगता येत नाही, म्हणून मी काही बोललो नाही. मामेभाऊ मात्र बराच वेळ बोलला.

द्वितीया : शापोरा

शिवोली आणि चोपडे यांना जोडणाऱ्या पुलाखाली शापोरा नदी रुंद आणि संथ आहे. पुलाच्या खांबांना कालवे चिकटलेली असतात, कालवांच्या आडोशाने खेकडे आणि सुंगटे राहतात, आणि त्यांच्यासाठी तामसो तिथे दबा धरून बसतो. मालवणकडे त्याला तांबोशी म्हणतात. हा मासा भक्ष्यामागे पळत नाही. तो आडोशातून एकदाच झेप घेतो आणि भक्ष्य तोंडात येताच वळून पुन्हा खांबाकडे जातो. त्या दोन-तीन सेकंदांत त्याला अडवले नाही तर कालवांच्या धारेवर दोरी तुटते आणि पुढचे सगळे संपते. यासाठीच इथे विणलेली तीस पौंडी दोरी आणि तिच्या पुढे हातभर लांबीचा जाड, चाळीस पौंडी लीडर लावतात. मासा त्या वजनाचा असतो म्हणून नव्हे, तर दगड आणि कालवे असतात म्हणून.

होडीवर एक वयस्कर पागी, म्हणजे जाळे फेकून मासे धरणारे, होते, ज्यांना तिथले सगळे आबा म्हणतात, म्हणून आम्हीही तसेच म्हटले. सकाळी साडेसहाला पाणी तळाला गेले असताना त्यांनी चिखलाच्या काठाने पागेर, म्हणजे फेकायचे जाळे, टाकून अर्धी बालदी जिवंत सुंगटे आणि बोटभर लांबीचे शेवटे (बोय मासे) धरून दिले. पागेर टाकण्यातले त्यांचे कौशल्य वर्णन करण्यासारखे आहे, पण ते करायला माझ्याकडे शब्द नाहीत. जाळ्याचा एक भाग दातांत, एक कोपरावर आणि एक हातात धरून कमरेतून फिरल्यावर ते जाळे पाण्यावर गोल ताटासारखे पडत होते. मी टाकले ते केळीच्या पानासारखे पडले.

भरतीला सुरुवात झाली तशी मी बाटली सोडली. वरचे पाणी जवळजवळ गोडे होते. तिळारीकडून येणाऱ्या या नदीत अजून भरपूर ओढ होती. तळाचे पाणी खारे होते, मात्र केरीइतके नाही. आबांनी माझा हा प्रयोग शांतपणे पाहिला आणि मग म्हणाले, "सर, तुम्ही पाणी चाखता ते बरोबर, पण हे बघा." त्यांनी खांबावर बोट दाखवले. ओलसर खांबावर एका उंचीपर्यंत नवे, पांढुरके, टाचणीच्या डोक्याएवढे कवचधारी जीव चिकटलेले होते आणि त्याच्या वर खांब बुळबुळीत हिरवा होता. मीठ जिथवर टिकते तिथवर ते जीव टिकतात. माझी बाटली त्या क्षणाचे सांगत होती, खांब मागच्या पंधरवड्याचे सांगत होता. मी वहीत ते लिहून घेतले.

गळ तळाशी, खांबाच्या पाण्याकडच्या बाजूला सोडायचा आणि सुंगट मेले की लगेच बदलायचे, अशी पद्धत ठरली. नऊ ते अकरा या दोन तासांत तीन तामसे लागले. पहिला तुटला. दुसरा सुमारे पाऊण किलोचा, विटकरी रंगाचा, होडीत आला तेव्हा दात वाजवत होता. तिसरा हाताएवढा होता, तो सोडला. मध्येच मी अर्धा तास हट्टाने पाण्याच्या वरच्या थरातून चमकदार ल्युअर, म्हणजे खोटे आमिष, फिरवला. त्याच्या मागे काहीही आले नाही. पिशवीतले सर्वांत महागडे सामान आणि तेही चुकीच्या मजल्यावर.

दुपारी तीन वाजता पूर्वेकडून ढग चढले आणि परतीच्या पावसाने पाऊण तास झोडपले. पाऊस थांबल्यावर ओहोटीच्या पाण्याला तांबडा गढूळपणा आला, पालापाचोळा आणि एक अख्खी केळ वाहत गेली. बाटली आता तळाशीसुद्धा मचूळच पाणी आणत होती. एकाही सुंगटाला कोणी हात लावला नाही. आबांनी नांगर उचलला. गेला महिनाभर जे मीठ बोटाबोटाने वर चढले, ते एका सरीने किती मागे जाते, हे मी इतक्या जवळून यापूर्वी पाहिले नव्हते.

तृतीया : चोडण

रायबंदरहून फेरीबोटीने मी आदल्या रात्रीच चोडणला पोहोचलो आणि शाळेतल्या एका निवृत्त सहकाऱ्याकडे उतरलो. मांडवीतल्या या बेटाच्या एका टोकाला सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. त्याच्या हद्दीत आम्ही जाणार नव्हतो. आम्हाला जायचे होते खाजनाच्या बांधावर.

ज्यांनी खाजन पाहिले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. खाडीलगतची सखल जमीन मातीच्या आणि जांभ्या दगडाच्या बांधाने खाऱ्या पाण्यापासून वेगळी केलेली असते. बांधात जागोजागी मानस असते, म्हणजे लाकडी झडपांचे दार. भरतीचे पाणी बाहेरून दाबले की झडपा आपोआप मिटतात. ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबाने त्या उघडतात आणि शेतातले पाणी नदीत पडते. ना कुलूप, ना वीज. गोव्यातली अशी सुमारे १८ हजार हेक्टर जमीन शतकानुशतके या युक्तीवर उभी आहे. बांधाच्या आत खारटपणा सोसणारा कोरगुट भात होतो आणि मानसाच्या तोंडाशी असलेल्या डोहात मासे साठतात. त्या माशांचा हक्क दरवर्षी पावणीने, म्हणजे लिलावाने दिला जातो. त्यामुळे मानसावर गळ टाकणे हे उघड्या समुद्रावर गळ टाकण्यासारखे नाही. ती कोणाची तरी विकत घेतलेली जागा असते. सहकाऱ्याने पावणीदाराला आधीच विचारून ठेवले होते. आत डोहात गळ टाकायचा नाही, बाहेर नदीच्या अंगाला हवे तितके गरवा, असे त्याने सांगितले, आणि ते रास्तच होते.

पहाटे साडेचारला चंद्र पश्चिमेकडे होता आणि कोरगुटाच्या पिवळ्या लोंब्या त्या उजेडात राखाडी दिसत होत्या. रात्री दीडच्या सुमारास समुद्रावर भरती पूर्ण झाली होती. इथपर्यंत तिचा परिणाम थोडा उशिरा पोहोचतो. आम्ही पोहोचलो तेव्हा मानसाच्या झडपा पूर्ण उघड्या होत्या आणि आतले पाणी नदीत कोसळत होते. त्या पाण्याबरोबर शेतातली बारीक सुंगटे, मासळीची पिल्ले, किडे असे सगळे बाहेर फेकले जात होते. धबधब्यापासून सात-आठ हातांवर, जिथे फेस संपून पाणी काळे होते तिथे, अधूनमधून 'बुक्' असा खोल आवाज येत होता, भरलेली घागर पाण्यात पालथी केल्यासारखा. तो चोणक. रायगडकडे त्याला जिताडा म्हणतात. तोंड उघडून तो पाण्यासकट भक्ष्य आत ओढतो, त्याचा हा आवाज.

बाटलीने इथे माझा सिद्धांत थोडा दुरुस्त केला. मानसातून पडणारे पाणी मचूळ होते, म्हणजे वरच्या मजल्यावरचे. नदीच्या तळाचे पाणी खारे होते. चोणक दोन्हींच्या सीमेवर उभा होता. त्याला गोड्याचे वावडे नाही, तो गोड्या पाण्यातही वाढतो. अंडी घालण्यासाठी मात्र तो खाऱ्या पाण्याकडे, नदीमुखाकडे जातो. मीठ त्याच्यासाठी भिंत नाही. त्याला मिठाबरोबर चढणारे शेवटे आणि सुंगटे हवी असतात. मुडदोशी मिठाच्या मागे जाते, चोणक मिठाच्या मागे जाणाऱ्यांच्या मागे जातो.

पहिल्या चोणकाने जिवंत शेवटा घेतला तेव्हा पाच वाजून वीस मिनिटे झाली होती. रीळ किंचाळले, मासा एकदा पाण्याबाहेर आला, डोके झटकले आणि पुन्हा पडला. चंद्राच्या उजेडात मला त्याची फक्त बाजू दिसली. ती माझ्या हाताच्या लांबीपेक्षा कमी नव्हती. तो मानसाच्या दगडांकडे वळला. मी रीळ दाबून धरले, जे तामसोसाठी योग्य आणि अशा मोठ्या चोणकासाठी अयोग्य होते, कारण त्याच्या कल्ल्यांची झाकणे सुरीसारखी धारदार असतात. दोरी सैल पडली. लीडर ओढून पाहिला तर टोक स्वच्छ कापलेले होते, कालवांवर घासून तुटल्यावर येतात तसे तंतू नव्हते. सहकारी बांधावर बसून चहाचा थर्मास उघडत होता. तो म्हणाला, "सरांचा विद्यार्थी पळाला."

पूर्वेला उजाडू लागले. ओहोटी मंदावत चालली आणि 'बुक्'चा आवाज तुरळक झाला. सहा वाजून गेल्यावर, दगडांपासून दूर, उघड्या पाण्यात सोडलेल्या सुंगटावर दुसरा लागला. या वेळी मी त्याला हवे तितके धावू दिले आणि दहा मिनिटांनी पावणीदाराच्या मुलाने तो झेल्यात उचलला. सुमारे सव्वा किलो. त्याचे डोळे उगवतीच्या उजेडात विस्तवासारखे तांबडे दिसत होते.

आता प्रश्न आला तो ठेवायचा की सोडायचा याचा. चोणक जन्माने बहुतेक नर असतो आणि काही वर्षांनी, मोठा झाल्यावर, मादी होतो. त्यामुळे नदीतल्या मोठ्या चोणकांत बहुतांश माद्या असतात. मोठा मारला तर अंडी घालणारी गेली, लहान मारला तर उद्याची अंडी घालणारी गेली. पावणीदाराने माझे हे सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "मग सर, खायचा कधी?" या प्रश्नाला माझ्याकडे जे उत्तर आहे ते फारसे शास्त्रीय नाही : हौसेने गरवणाऱ्याने एक ठेवावा, मोठा ठेवू नये आणि बाजारात विकू नये. तो मासा आम्ही ठेवला. डोके आणि शेपटी पावणीदाराच्या घरी हुमणाला, म्हणजे माशाच्या आमटीला, गेली, मधले तुकडे सहकाऱ्याच्या घरी तळले गेले, आणि सकाळी नऊला मानसाच्या झडपा आतून सैल पडून भरतीच्या पहिल्या दाबाने खट्कन मिटल्या, तो आवाज मला ओट्यावरून ऐकू आला.

चतुर्थी : बेतूल

साळ नदीचे मुख दक्षिण गोव्यात बेतूलला आहे. इथे शिनाण्या (एक प्रकारचे शिंपले) आणि कालवे काढणाऱ्या बायका ओहोटीला खडकांवर असतात आणि होड्यांची ये-जा दिवसभर चालते. मामेभाऊ केरीहून मडगावमार्गे आला होता. संकष्टी असल्यामुळे त्याचा उपास होता. तरी गरवायला त्याची हरकत नव्हती, फक्त खाण्याची होती.

आठला पाणी वळले. खडकांच्या टोकावरून बाटली सोडली तर वर आणि खाली एकच चव : खारट. इथे दुमजली नदी संपली होती, समुद्र पूर्णपणे आत आला होता आणि पाणी चार दिवसांत पहिल्यांदाच असे निवळ होते की हातभर खालचा खडक दिसत होता. गेल्या तीन दिवसांत निरुपयोगी ठरलेला चमकदार ल्युअर मी काढला आणि खडकांच्या कडेने वेगाने ओढला. तिसऱ्या फेकीला कोकर नावाच्या माशाने त्याला पाठीमागून येऊन इतक्या जोराने धडक दिली की रॉड हातातून निसटता निसटता राहिला. तासाभरात पाच कोकर लागले, एकाहून एक ओढाळ, त्यातले चार सोडले. जो महागडा आहे तो निरुपयोगी नव्हे, एवढे कबूल करायला मला बरे वाटले.

ठेवलेला कोकर शिनाण्या काढणाऱ्या एका आजींना दिला. त्यांनी बदल्यात ओंजळभर शिनाण्या मामेभावाच्या पिशवीत टाकल्या. उपासाचे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "चंद्र उगवला की सोड आणि उद्या खा." त्या शिनाण्या ओल्या गोणपाटात गुंडाळून तो संध्याकाळच्या बसने केरीला निघाला. मी बाटली गोड्या पाण्याने धुऊन, बूच उघडे ठेवून, खिडकीत वाळत घातली.